बाकाला मार!

हाडांच्या दवाखान्यात माझ्या शेजारी एक तरुण बाप आणि त्याची अडीच वर्षांची लेक बसली होती. तिच्या हाताला कोपरापर्यंत प्लास्टर. नव्या पाटल्या केल्यासारखी ती ते मिरवत होती. बापाचा चेहरा मात्र फाशी सुनावल्यासारखा.

"सोफ्यावरून पडली हो, काका," तो म्हणाला. "मी तिथेच होतो. शेजारीच!"

त्याचे डोळे भरून आले. लेकीने ते पाहिलं आणि ती पटकन बाकावरून खाली उतरली.

"बाबाला बाऊ झाला?"

चांगल्या हाताने ती आमच्या बाकाला बदडू लागली. "हात रे! बाबाला मारतो?"

मूल पडलं की आपण जमिनीला असंच मारतो. बिचाऱ्या फरशीचा काय गुन्हा, असं मला नेहमी वाटायचं. त्या दिवशी कळलं, दोष कुणावर तरी ढकलावाच लागतो. नाहीतर माणूस तो उराशी धरून बसतो.

"आजोबा, उठा," लेकीने मला फर्मावलं, कारण अर्धा बाक माझ्याखाली होता. आजोबा! तरीही मी निमूट उठलो. तेवढ्यात बापाने रडता रडता हसत बाकाला अशी सणसणीत चापट ठेवून दिली, की आतून डॉक्टर धावत बाहेर आले.