उलट टाका

विणकाम करणाऱ्या बायकांना लोकर कधी पुरत नाही, किस्से मात्र त्यांच्याजवळ साठून राहतात. दुसऱ्या महायुद्धाच्या वर्षांत आमच्या भोरच्या घरी दुपारी आठ-दहा जणी जमायच्या आणि शिपायांसाठी मोजे, मफलर विणायच्या. मी मास्तरांची बायको, माहेर पुण्याचं, म्हणून शिकवणारी मी. मोजे कोणाच्या पायांत गेले देव जाणे. किस्से माझ्याकडेच राहिले.

*

सुया मिळेनात. मग मास्तरांच्या सायकलच्या तारा काढल्या, दगडावर घासल्या आणि त्यांच्याच सुया केल्या. महिन्याभरात चाकाने मान टाकली. "लोक लढाईला पैसे देतात, मी चाक दिलं," मास्तर म्हणाले आणि शाळेत पायी गेले!

*

आमच्यात तान्ही नावाची पोर होती, शेजारच्या गंगूबाईंची सून. नवरा महादू दोन वर्षं लढाईवर. तिचा हात चलाख, पण उलट टाका काही केल्या जमेना. मी चिडले, तर म्हणते, "बाई, आमच्या घरात उलट चालत न्हाई. हाताला सवयच न्हाई." हा विनोद गल्लीभर झाला. गंगूबाईंची जीभ ज्यांना ठाऊक होती, त्या जरा कमी हसल्या.

*

लोकर संपली की वेल्ह्याकडचा एक म्हातारा धनगर आणून द्यायचा. तान्हीने त्याला विचारलं, कातरताना मेंढराला दुखतं का.

"न्हाई पोरी. अन् कापली तरी लोकर फिरून येती. तुमी ज्यांच्यासाठी इनताय, त्यांचं कापल्यालं येत न्हाई."



*

तंबूत सिनेमा आला. नटी खिडकीशी विणत बसलेली, नवरा येतो, ती इवलासा मोजा पदराआड लपवते आणि तो समजतो, बाळ येणार! गंगूबाईंसकट सगळा तंबू गहिवरला. आमचं लक्ष सुयांवर. एवढं विणून एक ओळ वाढली नव्हती. "हिचं पोर शाळंत जाईल, मोजा व्हायचा न्हाई," तान्ही कुजबुजली.

पण भोरकर त्यातून एकच शिकले: बाई इवलंसं विणते, म्हणजे बाळ येणार. मी हातमोज्याचा अंगठा विणत होते, तर मास्तर पेढे घेऊन आले! लग्नाला नऊ वर्षं झाली होती. अंगठा आहे म्हणून सांगताना माझा जीव तुटला. पेढे मग दोघांनीच खाल्ले.

*

मग महादूचं पत्र आलं. तान्हीला वाचता येत नव्हतं, मी वाचून दाखवलं. डावा हात मनगटापासून गेला होता. त्याने लिहिलं होतं, उरलेल्या टोकाला थंडी सोसत नाही, त्याला लोकरीची टोपी विणून ठेव. आईला सांगू नकोस, मी येऊन सांगेन.

तान्ही रडली नाही. माप काय धरायचं ते विचारलं. टोपी हातावर घट्ट बसायची तर तोंडाशी उलट टाका हवाच. एका दुपारीत शिकली. टोपी माझ्याच घरी विणायची, सासूच्या नजरेआड.

चौथ्या दिवशी गंगूबाई विरजण मागायला आल्या आणि तान्हीच्या मांडीवर ते इवलंसं विणलेलं बघितलं. सिनेमा त्यांनीही पाहिला होता. सगळ्यांदेखत त्यांनी टोपी माझ्याच चुलीत घातली.

"माजा ल्योक दोन वर्सं घरात न्हाई, अन् ह्ये टोपडं कुणाचं गं?"

मी तोंड उघडलं, तर तान्हीने माझा हात दाबला. एक उलट शब्द बोलली नाही. दिवस मावळायच्या आत तिला भोंगवलीला माहेरी धाडलं. तिने नवऱ्याचा शब्द पाळला. मी कशासाठी गप्प बसले, याची मला आजही चीड येते.

*

पौषात महादू आला. अंगणात आईसमोर बाही वर केली आणि म्हणाला, "आये, तान्हीनं ह्याची टोपी इनली का? लई गार पडतंय."

गंगूबाई काय बोलल्या ते कुंपणापलीकडे ऐकू आलं नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी त्या माझ्या पडवीत आल्या. तान्ही अजून भोंगवलीलाच होती. तिच्या सुया त्यांनी माझ्यापुढे ठेवल्या.

"बाई," म्हणाल्या, "मला उलट टाका शिकवा."