नळीला पाडलेली दोन भोकं

मिस्त्रीचं जोडकाम सुटलं नव्हतं. ते मी फोडलं होतं. एवढं बोलायला मला सहा वर्षं लागली. मुळात मी कमी बोलणारा. आमटीत मीठ नसलं तरी तशीच ओरपून उठणारा. पण आता तोंड उघडलंच आहे तर सगळंच सांगतो.

माझ्या बहिणीचे यजमान, म्हणजे आमचे दाजी, पळसदेवचे. दुसरं महायुद्ध संपल्यावर लष्करानं मोडीत काढलेला एक ट्रक त्यांनी घेतला आणि चालवायला मला बसवलं. सकाळी इंदापूरहून निघायचं, कालव्याच्या कडेकडेनं वांगी, गवार, घेवडा, पेरू भरत बारामतीच्या बाजारात उतरायचं. तेव्हा मी चाळिशीला टेकलो होतो. म्हणजे पोरवयात चूक झाली म्हणायचीही सोय नाही.

ट्रकच्या धुराची नळी, जिला आम्ही सगळे सरसकट सायलेन्सर म्हणायचो, ओढ्या-नाल्यांतून जाऊन जाऊन गंजली आणि तिची पार चाळण झाली. मग तो ट्रक जो काही ओरडायला लागला! बैल जू टाकून पळायचे. एका लग्नात मंगलाष्टकं चालू असताना मी नेमका रस्त्यावरून गेलो, तर भटजी ‘सावधान’ कधी म्हणाले ते कुणालाच कळलं नाही. वऱ्हाड मुठीत अक्षता घेऊन तसंच उभं. आणि ज्याच्या हाकेला घरातलं मांजरही वळून बघत नसे असा मी, स्टिअरिंगवर बसून मनातल्या मनात नाचत होतो. कोसभरावरून लोक म्हणायचे, “आला बघ, आला!” माझ्याबद्दल असं आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

दाजींना मात्र ते सोसेना. “मेव्हणं,” ते म्हणाले, “तुमच्या आवाजानं माझी म्हस पान्हा चोरती. ते आधी नीट करून आणा.”

बारामतीत बाजाराच्या मागं एका मिस्त्रीचं दुकान होतं. राहायला कन्हेरीला, सायकलवर यायचा. विहिरीवरची इंजिनं, गुऱ्हाळाचे चरक, मोटारी, मोडलेलं काहीही जोडून द्यायचा आणि त्यानं जोडलेलं पुन्हा मोडत नाही असं त्याचं नाव होतं. त्यानं नळीचा गंजका तुकडा कापून काढला. बोटानं दाबला तर पापडासारखा मोडला. कुठल्या तरी जुन्या पंपाची जाड नळी शोधून त्यानं मापात कापली आणि गॅसच्या ज्योतीवर पितळ वितळवून जोड भरला. मग मला इंजिन चालू करायला लावलं, नळीच्या तोंडात ओलं पोतं कोंबलं आणि इंजिन गुदमरून बंद पडेपर्यंत पेटती उदबत्ती जोडाभोवती फिरवली. जोड कुठं फुंकत असता तर उदबत्तीचा धूर हलला असता. तो सरळ वर गेला.

“डायवर,” हात पुसत तो म्हणाला, “आता ही नव्या सुनंसारखी जाईल. बांगडीसुदिक वाजायची न्हाय.”

गेलीच तशी. आणि तिथंच सगळा घोटाळा झाला.

आमच्या रस्त्यावर एक रीत पडून गेली होती. ट्रक दुरून ऐकू आला की बायका भाजीचा तोडा थांबवायच्या, पाट्या बांधायच्या आणि मी पोचेपर्यंत माल रस्त्यावर आणून ठेवायच्या. घड्याळ कुणाकडंच नव्हतं. माझं फुटकं सायलेन्सर होतं. त्या दिवशी मी पोचलो तर रस्त्यावर चिटपाखरू नाही. हॉर्न वाजवला, तर प्रवाशांची सर्व्हिस मोटार आली समजून एक बाई लेकरू काखोटीला मारून, गाठोडं घेऊन धावत आली आणि पेरूच्या पाट्या बघून मलाच शिव्या देत परत गेली. पुढच्या मळ्यात वांग्यांच्या ढिगाशेजारी एक आबा घोरत पडले होते. त्यांना हलवून उठवलं.

“तू कसा आलास रं?”

“ट्रकनं, आबा.”

“मंग वाजला कसा न्हाय?”

“नीट केलाय.”

आबा उठले, बॉनेटवर हात ठेवून गरम आहे का बघितलं आणि म्हणाले, “ढकलत आणलास व्हय?”

बारामतीत निम्मा ट्रक रिकामाच पोचला. दुसऱ्या दिवशी तेच. चार दिवसांत लोकांना सवय झाली असती, हे मला तेव्हाही कळत होतं. वेळ सांगून ठेवता आली असती, शिट्टी मारता आली असती. पण खरं कारण भाजी नव्हतंच. मी रस्त्यानं जात होतो आणि कुणाला पत्ता लागत नव्हता, हे मला सोसत नव्हतं.

तिसऱ्या दिवशी कालव्याच्या पुलाशी ट्रक लावला, छिन्नी-हातोडी घेऊन खाली शिरलो आणि मिस्त्रीच्या जोडालगत दोन भोकं पाडली.

मग इंजिन चालू केलं. काय सांगू! मळ्यामळ्यांतून माणसं पाट्या घेऊन धावत सुटली, पोरं नाचायला लागली, कुत्री चाकांमागं लागली, आबा लांबूनच पागोटं हलवायला लागले. मी एकटाच मोठमोठ्यानं हसत होतो आणि त्या आवाजात मला माझंच हसू ऐकू येत नव्हतं.

बाजाराला आलेल्या दाजींनी विचारलं, “आता आनि काय झालं?”

“जोड सुटला,” मी म्हणालो. दोनच शब्द.

दाजींनी मिस्त्रीला चहाच्या हॉटेलासमोर बोलावून घेतलं. बाजारचा दिवस, चारशे माणूस जमलेलं. “मिस्त्री, तीन दिस टिकला न्हाय तुमचा जोड. लोखंड जोडताय का कूड लिपताय?” सगळे हसले. हसणाऱ्यांत मीही होतो. मिस्त्री ट्रकखाली शिरला, बराच वेळ आत होता. बाहेर आल्यावर त्यानं एकदा माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, “दगूड उडाला असंल. परत भरून देतो.”

“नगं,” दाजी म्हणाले. “वाजू द्या. माल तरी येतोय.”

ती बातमी माझ्याच ट्रकबरोबर गावोगाव गेली. जो तो विचारायचा आणि मी मान हलवायचो. सुप्याच्या एका बागायतदारानं इंजिन गाडीत घालून मिस्त्रीच्या दारावरून पुढच्या दुकानात नेलं. वर्षभरात मिस्त्रीनं गॅसचं सामान विकलं आणि तो सायकलींची पंक्चर काढायला लागला. आणि मी? अपराधानं माणूस खंगतो म्हणतात. माझं वजन वाढलं. ती वर्षं माझी फार मजेत गेली. हेच सांगायची मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

गेल्या महिन्यात बाजारच्या दिवशी माझी सायकल पंक्चर झाली म्हणून त्याच्याकडं नेली. माझ्या आधीच्या गिऱ्हाइकानं ठिगळाकडं बघून विचारलं, “टिकंल का?”

“न्हाय सांगता येत,” मिस्त्री म्हणाला.

ज्यानं पितळेचा जोड उदबत्तीनं तपासला, तो माणूस रबराच्या ठिगळाची खात्री देईना. गिऱ्हाईक गेल्यावर माझ्या तोंडून निघून गेलं, “मिस्त्री, ती भोकं मी पाडली हुती.”

तो ट्यूब घासत राहिला. “म्हाईत हाय. कडा आत दुमडल्या हुत्या. आन छिन्नी बोथट हुती तुमची. मला वाटलं, ह्याला छिन्नी धरायला कुणी शिकवलंय का न्हाय.”

“मग बोलला का नाही?”

“दाजीच्या तोंडावर त्याच्या मेव्हण्याला लबाड म्हणू? चारचौघात? तुमच्या भनीचं घर हाय ते.” मग त्यानं ट्यूब खाली ठेवली. “पर हे मला कशापायी सांगताय? मला ठावंच हाय. तितं सांगा.” त्यानं चहाच्या हॉटेलाकडं बोट केलं.

दाजी तिथंच बसले होते. मी जाऊन उभा राहिलो आणि बोललो. कुणाला ऐकूच गेलं नाही. मागून मिस्त्री म्हणाला, “मोठ्यानं.” पुन्हा बोललो. “अजून मोठ्यानं, त्या कोपऱ्यापातूर गेलं न्हाय.” तिसऱ्यांदा मी असा ओरडलो की हॉटेलवाल्याच्या हातातली किटली हिंदकळली. मग दाजी हसायला लागले, चहा नाकात जाईस्तोवर, आणि हसता हसताच थांबले. “आन मी ह्या मानसाला कूड लिपणारा म्हनलो,” असं म्हणून ते उठले आणि मिस्त्रीला आपल्या बाकावर बसवलं.

कोपऱ्यातून कुणीतरी विचारलं, “मंग मिस्त्री, माझ्या इंजिनाला तडा गेलाय, बघता का?”

“गॅसचं सामान न्हाय राहिलं माझ्याकडं. पुण्याहून आणाय लागंल.” मग माझ्याकडं वळून म्हणाला, “ट्रक कुणाकडं हाय?”

परवा निघायचंय. मिस्त्री शेजारी बसणार आहे. पुणं येईस्तोवर त्याला सगळं पहिल्यापासून ऐकायचंय: ट्रक कुठं लावला, छिन्नी कुठल्या हातात धरली, पहिला घाव बसला का निसटला. काहीही गाळायचं नाही, असं त्यानं बजावलंय.