मी लिहून घेतलेला माफीनामा

निवृत्त होऊन काही वर्षे झाली, पण ते प्रकरण आठवले की आजही स्वतःचाच राग येतो. परभणी जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. कीटकनाशकांचे दुकान असलेला एक तरुण व्यापारी अर्ज घेऊन आला. बायको माझ्या जेवणात फवारणीचे औषध कालवते, असे त्याचे म्हणणे. पुरावा म्हणून तिचा मोबाईल आणला होता. त्यात एक कादंबरी होती, ई-बुक. नवऱ्यावर विषप्रयोग करणाऱ्या बायकोची गोष्ट, आणि विषाच्या ओळींवर पिवळ्या खुणा. माणूस नम्र, इस्त्रीच्या कपड्यातला. असा अर्जदार आम्हा पोलिसांना फार लवकर पटतो.

ठाणे अंमलदाराने नोंद घेतली आणि बाईला बोलावले. ती बी.ए. झालेली, माहेर ताडकळसकडचे. घरात पुस्तक दिसले की सासू रद्दीत घालायची, म्हणून ती भाजी निवडता निवडता मोबाईलवर वाचायची. मी तिच्यापुढे खुणा धरल्या.

"साहेब, मी अजून तिथवर गेलेच न्हाई," ती म्हणाली. "निम्मंच झालंय वाचून."

मी हसलो. बहाणे ऐकण्यातच माझी सारी नोकरी सरत आली होती.

डॉक्टरचा कागद नाही, अन्नाचा नमुना नाही. गुन्हा दाखल करण्यासारखे हाती काहीच नव्हते. अशा वेळी आमच्याकडे चालते तेच मी केले. दोन्हीकडचे पाहुणे बाकावर बसवायचे, माफीनामा लिहून घ्यायचा, अर्ज निकाली. तिचे वडीलच म्हणाले, "सही करून टाक माय, लेकराकडं बघ." मजकूर मी सांगितला : माझ्याकडून चूक झाली, पुन्हा असे करणार नाही. कोणती चूक, ते लिहिलेच नाही. तिने सही केली. त्याच आठवड्यात नवऱ्याने तिला माहेरी धाडले आणि पाच वर्षांची मुलगी ठेवून घेतली.

मोबाईल ठाण्यातच पडून होता. दीड महिन्याने आमच्या महिला हवालदार तो परत द्यायला गेल्या, तेव्हा बाईने त्यांना पुस्तकातली खुणांची यादी उघडून दाखवली. प्रत्येक खुणेपुढे तारीख होती. सगळ्या खुणा एकाच दिवसाच्या, आणि त्या दिवशी ती भावाच्या लग्नात माहेरी. दुरुस्तीला टाकतो म्हणून मोबाईल नवऱ्याने ठेवून घेतला होता. हवालदार बाई आल्या आणि एवढेच म्हणाल्या, "साहेब, आपलं चुकलंय."

नवऱ्याला बोलावून चहा दिला. पुस्तके वाचता का, असे विचारले. औषधाच्या बाटलीवरचे वाचायलाही वेळ मिळत नाही, म्हणाला. इकडचे तिकडचे बोलून मग सहज विचारले, त्या गोष्टीतली बाई शेवटी सापडते का हो?

"कुठं सापडती? सुटती की. आळ बहिणीवर येतो," तो बोलून गेला आणि त्याच्या हातातला कप थांबला.

पुढे फारसे विचारावे लागले नाही. त्याला फारकत हवी होती, आणि मुलगीही.

पण तोवर माफीनामा कोर्टात पोचला होता आणि मुलीचा तात्पुरता ताबा बापाकडे गेला होता. खुणा संशयास्पद आहेत, एवढाच अहवाल मी दिला. मात्र मजकूर माझा होता, तिने काहीही कबूल केलेले नव्हते, हे लिहिले नाही. निवृत्तीला आठ महिने उरले होते. खात्याची चौकशी मागे लागली असती. भ्यालो, दुसरे काय. त्याच्या वकिलाने सही दाखवली आणि पोर बापाकडेच राहिली.

आपसात मिटवले, असे आम्ही डायरीत अभिमानाने लिहितो. बहुतेक वेळा दोघांतल्या दुबळ्या माणसाला गप्प केलेले असते. हे मला फार उशिरा समजले, आणि समजल्यावरही मी तोंड उघडले नाही.

गेल्या वर्षी एका जुन्या केसच्या साक्षीला कोर्टात गेलो, तर आवारातल्या लिंबाखाली त्या मायलेकी बसलेल्या. महिन्यातून एकदा, तिथेच भेटायची परवानगी. आईने धपाट्यांचा डबा उघडून ठेवला होता. मुलगी बापाने दिलेल्या बंद पुड्यातली बिस्किटे खात होती. बाईने मला ओळखले.

"हिच्या बापानं सांगितलंय, आईच्या हातचं खायचं न्हाई," ती म्हणाली. "साहेब, तुमी तरी खाऊन दाखवा हिला."

मी उभ्या उभ्या एक धपाटे खाल्ले. मुलीने डब्याला हात लावला नाही. साक्षीचा पुकारा झाला म्हणून निघालो, तेव्हा पोर माझ्याकडेच टक लावून बघत होती, मला काही होते का ते.