ताईचं सगळं हिरवं

माझी ताई कोर्टात टायपिस्ट होती. न्यायाधीशांचे निकाल टाइप करायची, आणि तिच्या कागदावर खाडाखोड म्हणून नसायची. एक अक्षर चुकलं तरी ती अख्खं पान काढून फेकायची आणि पहिल्यापासून सुरू करायची. ऑफिसात तिला सगळे 'तुफान' म्हणत. वेगामुळे म्हणतात असं तिचं मत, रागामुळे म्हणतात असं आमच्या घरातलं. मी तिचा धाकटा भाऊ. सगळ्याच बाबतीत तिच्यापेक्षा हळू, आणि हे तिने मला कधी विसरू दिलेलं नाही.

आता ती एकटीच राहते. त्याच इमारतीत दोन मजले खाली मी. काही वर्षांपूर्वी तिला कंपवात झाला. नावात कंप असला तरी तिचे हात फारसे कापत नाहीत, तिचे पाय चिकटतात. गोळीचा असर उतरायला लागला की ती चालता चालता दारात थांबते. मोकळ्या खोलीत बरी चालते, पण चौकट समोर आली की पाय ऐकत नाहीत. वरचं अंग निघालेलं असतं आणि पाय मागेच. पुढची गोळी घेऊन ती लागू पडेपर्यंत ताई तिथेच, चौकट धरून. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं म्हणून मी तिच्या घरातल्या प्रत्येक दाराशी जमिनीवर पांढऱ्या चिकटपट्ट्या लावून दिल्या. पट्टी ओलांडायची म्हटलं की पाय उचलतो. का ते विचारू नका, पण उचलतो. ताई म्हणाली, "घराचं पार रस्ता करून टाकलास. आता एक सिग्नलही बसव."

मग ते अ‍ॅप आलं. दवाखान्याने सुचवलं आणि माझ्या भाच्याने, म्हणजे तिच्या मुलाने, येऊन तिच्या फोनमध्ये घालून दिलं. तो दुसऱ्या शहरात असतो. गोळीची वेळ झाली की फोन बोलतो, "औषध घेतलंत का?" ताई त्याला उत्तर देते, "घेते गं बाई, जरा दम धर." रोज एकदा पाच चेहरे येतात, हसऱ्यापासून रडक्यापर्यंत, आणि आज कसं वाटतंय ते दाबायचं. त्यानंतर टिचक्यांची परीक्षा. पडद्यावर दोन गोल येतात, ते दोन बोटांनी आलटून पालटून भराभर दाबायचे. जमलं तर हिरवं, बेताचं असेल तर पिवळं, नाही जमलं तर लाल. हे सगळं तिकडे डॉक्टरांना दिसतं आणि भाच्यालाही दिसतं.

दोन बोटांनी भराभर दाबायचं! जन्मभर ज्या बाईने दुसरं काही केलं नाही तिला! आजार पायात आणि परीक्षा बोटांची, याला काय म्हणावं? आणि तेवढंही पुरेसं नाही म्हणून की काय, ताई ती परीक्षा गोळी पुरती लागू पडल्यावरच द्यायची. चहा घ्यायची, हात धुऊन पुसायची, बोटं मोडायची, ताठ बसायची आणि मग फोन पुढ्यात घ्यायची.

"अगं, असं नसतं करायचं. कधीही द्यायची असते ती."

"परीक्षा तयारी करून देतात. तू नापास का व्हायचास ते आता कळलं."

"आणि हा हसरा चेहरा? सकाळी बाथरूमच्या दारात खांबासारखी उभी होतीस. मी तुला पट्टी दाखवून दाखवून थकलो."

"कसं आहे विचारलं तर छान म्हणावं माणसाने. तेवढी रीत आहे मला."

"ते यंत्र आहे, ताई."

"मग यंत्राशी उद्धटपणे वागू का?"

परीक्षा संपली की फोनवर फुगे उडायचे आणि 'शाब्बास!' यायचं. ताई खुशीत फोन माझ्यासमोर धरायची. एवढ्या वयाच्या बाईला फुगे! मी काही बोलायचो नाही. बोलून तिच्यापुढे काही चाललंय असं मला आठवत नाही.

खरं कारण मात्र रीत नव्हती, ते मला ठाऊक होतं. भाच्याने अ‍ॅप घालतानाच बजावलं होतं, "आई, लाल दिसायला लागलं की मी येऊन तुला घेऊन जाणार." त्याचं घर काही वाईट नाही. सून तर फारच चांगली. पण ताई म्हणायची, "चांगली आहे म्हणूनच भीती वाटते. पाण्याचा पेला उचलायला हात पुढे केला की ही आधी धावत येणार. चार महिन्यांत माझी खुर्चीच होईल." इथे ती अडखळत का होईना स्वतः भाजी चिरते, खिडकीशी बसून पेपर वाचते, समोरच्या शिंपिणीशी गॅलरीतून भांडते. एवढंच तिला हवं होतं, तिचं घर. त्यासाठी सगळं हिरवं.

मी भाच्याला फोन केला. त्यासाठी मला दोन दिवस धीर गोळा करावा लागला. म्हणालो, "अरे, तिचे पाय फार अडतात रे हल्ली."

"मामा, सगळं हिरवं आहे की!"

"हो, पण ते हिरवं..."

"मामा, तुम्ही उगाच घाबरता. रोज आकडे दिसतात मला. परवा तर तिचा स्कोअर तिच्या वयाच्या सगळ्यांत वर होता."

झालं. मी समोर उभा राहून पाहिलेलं खोटं आणि त्याला लांबून दिसलेलं खरं.

पुढे दवाखान्यात जायची वेळ आली. डॉक्टर माणूस चांगला, पण त्यांच्यासमोर ताई बसली होती आणि ते पाहत होते पडद्याकडे. पडदा आमच्याकडे वळवून म्हणाले, "वा! गोळ्या अगदी लागू पडल्यात. काही बदलायला नको."

मी घसा साफ केला. "म्हणजे तसं, दारात जरा तिचं..."

"काय म्हणालात?"

"काही नाही," ताई म्हणाली, "त्याला सर्दी झालीय."

आणि मी खरंच खोकलो! माझ्यासारख्या माणसाला कुणी कुठे सोबत नेऊ नये.

बाहेर पडून आम्ही लिफ्टशी आलो. गोळी उतरत आली होती. लिफ्टला पट्टी कुठून असणार? दार उघडलं, मी आत गेलो, ताईचं अंग आत आणि पाय बाहेर. मागून कुणीतरी म्हणालं, "आजी, चला की." दार मिटायला लागलं, तिच्या खांद्याला लागलं, पुन्हा उघडलं, पुन्हा मिटायला लागलं. मी तिचा हात ओढला. ओढायचा नसतो, हे मला शिकवलेलं होतं. ती गुडघ्यावर आणि कपाळावर आपटली. हाड मोडलं नाही, पण कपाळाला टाके पडले. ते घालायला आम्हाला त्याच दवाखान्यात परत जावं लागलं, फक्त दुसऱ्या खोलीत.

भाचा दुसऱ्या दिवशी आला. रिकामी बॅग घेऊनच आला. आईच्या कपाळाकडे बघून त्याचे डोळे भरले आणि मग तो चिडला.

"आई, आता वाद नको. माझ्याकडे यायचं."

"एकदा पडले. माणसं पडतात."

"सगळं हिरवं असताना पडलीस! हेच तर म्हणतोय मी. लाल असतं तर डॉक्टरांना म्हटलं असतं, औषध बदला, वाढवा, काहीतरी करा. पण औषध याहून चांगलं काय काम करणार? आकडे उत्तम आहेत आणि तरी तू पडतेस. मग उपाय काय उरला?"

जे हिरवं ताईने घर राखायला जमवलं होतं, तेच तिला घराबाहेर काढत होतं, आणि ते तिला तिथे बसल्या बसल्या समजलं.

"ताई, सांग त्याला," मी म्हणालो. माझा आवाज जरा मोठाच निघाला. "सांग, नाहीतर मी सांगतो!"

"तू काय सांगणार? सर्दी झालीय तुला." पण ती माझ्याकडे बघत नव्हती. भाच्याला म्हणाली, "फोन दे इकडे. पुढच्या गोळीला अजून वेळ आहे आणि आधीची उतरलीय. आत्ताच दे."

तिने फोन टेबलावर ठेवला. यावेळी चहा नाही, हात धुणं नाही. दोन गोल आले. पहिलं बोट पडलं, दुसरं हवेतच राहिलं. मग दोन्ही एकदम पडली. मग एक गोलाच्या बाहेर. मी खिडकीबाहेर बघायला लागलो, तरी ऐकू येतच होतं. जी बाई एका अक्षरासाठी पान फाडायची ती मुलासमोर चुकांमागून चुका करत होती आणि थांबत नव्हती.

पडदा लाल झाला. फोन गोड आवाजात म्हणाला, "हरकत नाही! पुन्हा प्रयत्न करायचा का?"

भाच्याचा हात आपोआप पुढे झाला.

"हात लावू नकोस," ताई म्हणाली. "जाऊ दे तसंच."

"आई, रोज असं होतं?"

"दिवसातून चार-पाच वेळा. तेव्हा मी परीक्षा देत नाही."

"मग डॉक्टरांना कळणार कसं?"

"हेच मी इतके दिवस..." मी सुरुवात केली.

भाचा माझ्यावर उसळला. "मामा, कमाल करता तुम्ही! सांगायचं नाही का?"

मी चहा करायला उठलो.

भाच्याने दवाखान्यात फोन लावला. डॉक्टर म्हणाले, आठवडाभर गोळीच्या आधी आणि नंतर, दोन्ही वेळा परीक्षा द्या. तो आठवडा घरात काढणं म्हणजे शिक्षाच होती. पण शेवटी त्यांनी गोळ्यांच्या वेळा जवळ जवळ आणल्या. ताईचे पाय आता अडतात, पण पूर्वीसारखे नाही, आणि अडले तरी लवकर सुटतात. भाचा रिकामी बॅग तशीच घेऊन गेला. जाताना अट घालून गेला की परीक्षा कधीही द्यायची आणि चेहरा खरा दाबायचा. खरं कळत राहिलं तर तो न्यायला येणार नाही.

ती अट ताई पाळते, पण माझ्यासमोर नाही. फोन हातात घेतला की मला म्हणते, "बाहेर जा. चुका करताना कुणी बघितलेलं मला चालत नाही." मी मुकाट्याने बाहेर जातो. काल असाच दाराबाहेर उभा होतो. आतून टिचक्या ऐकू येत होत्या, एक, मग बऱ्याच वेळाने दुसरी. तेवढ्यात माझा फोन वाजला.

"मामा! आईने रडका चेहरा दाबलाय!"

"खरं दाब असं तूच म्हणाला होतास ना?"

"हो, पण इतकं खरं? तुम्ही काय करताय?"

"दाराबाहेर उभा आहे."

"बाहेर? अहो, आत जा ना!"

"कोण आहे रे?" ताई आतून ओरडली. "तोच असेल तर सांग त्याला, म्हणावं आईची परीक्षा चालू आहे!"