पाटीवरचा खुलासा

पत्त्यांच्या ब्रिजमध्ये एक नियम आहे आणि तो मला तत्त्वतः मान्य आहे: बोलीचा अर्थ प्रतिपक्षाने विचारला, तर तो बोली लावणाऱ्याने नव्हे, त्याच्या जोडीदाराने सांगायचा. नियम करणाऱ्यांनी माझे जोडीदार मात्र पाहिलेले नव्हते.

ते निवृत्त भूमापक. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस त्यांचे दोन्ही कान गेले. बोली ओठांवरून कळे. परंतु विचारलेला प्रश्न उमजेपर्यंत डाव पुढे सरकलेला असे, आणि खुलासा नेहमी आधीच्या बोलीचा येई. शहापूरच्या आमच्या गणेशोत्सवी स्पर्धेत मुरबाडच्या जोडीने, म्हणजे एका भाताच्या व्यापाऱ्याने व एका माजी मुख्याध्यापकाने, त्यांना खेळातून वगळण्याची मागणी केली. पत्नीच्या निधनानंतर त्या टेबलाखेरीज त्यांना चार माणसांत बसायला दुसरी जागा नव्हती. मी कोर्टातला निवृत्त शिरस्तेदार; संतापलो. नैसर्गिक न्यायाचे तत्त्व प्रत्येक परिच्छेदात उद्धृत करून समितीला अर्ज दिला व लेखी खुलाशाची मुभा मागितली. ती मिळाली; मात्र पुन्हा तक्रार आल्यास खुर्ची सोडायची, या अटीवर.

शाळेची पाटी आणली गेली. जोडीदारांनी 'एक नो-ट्रम्प', म्हणजे हुकुमाविना, म्हटले, मी 'दोन चौकट' म्हटले. आमच्या ठरावानुसार याचा अर्थ, माझ्याकडे चौकट नसून बदामांची रांग आहे. मुख्याध्यापकांनी खुणेने अर्थ विचारला. जोडीदारांनी पाटीवर लिहिले आणि मोजणीची काठी धरावी तशी ती डोक्यावर धरली: 'यांच्याकडे चौकटच चौकट!'

ठराव ते साफ विसरले होते. पण जोडीदाराच्या खुलाशाचा लाभ घेणे मला कायद्याने निषिद्ध. त्यांना ठराव पाठ आहे, असेच मानून मला खेळणे भाग होते. ते आनंदाने 'तीन चौकट' म्हणाले. ठरावानुसार त्याचा अर्थ, तुमचे बदाम मला फार आवडले. मी 'चार बदाम' म्हटले. ते 'पाच चौकट' म्हणाले. म्हणजे चौकटचा एक्का आहे, अजून वर चला. मी, डोळ्यांसमोर सर्वनाश दिसत असताना, 'सहा बदाम' म्हटले, म्हणजे बदाम हुकूम धरून तेरापैकी बारा हात जिंकण्याची हमी दिली.

"डबल!" म्हणजे हरल्यास दंड दुप्पट; व्यापारी जवळजवळ नाचलेच.

बोली संपताच मी नियमाप्रमाणे उभा राहून पाटीवरची चूक दुरुस्त केली. मुख्याध्यापकांना हसण्याने ठसका लागला. जोडीदारांनी पाने उघडली: बदामाची फक्त दुर्री आणि तिर्री. त्यानंतर जे घडले त्याला खेळ म्हणता येणार नाही. ती जप्ती होती.

"अहो शिरस्तेदार," जोडीदार सभागृहभर ओरडले, "एवढ्या मोठ्या अक्षरात लिहून दाखवलं, तरी तुमी वाचलं नाय? डोळे तपासा एकदा!"

समितीच्या अध्यक्षांनी मुरबाडकरांना विचारले, "मग? तक्रार आहे का?"

"कसली तक्रार?" व्यापारी डोळे पुसत म्हणाले. "यांची खुर्ची हलवाल, तर आमी मुरबाडहून यायचो नाय. दरसाल हेच पायजेत आमाला समोर, आन पाटीसकट!"

अध्यक्षांनी त्याच कारणास्तव खुर्ची कायम केली. माझे जोडीदार, काय ठरले याची चौकशीही न करता, पुढची पाने पिसू लागले. निर्णय आमच्या बाजूने होता, त्यामागचे कारण मात्र घोर अवमानकारक. आणि जिंकलेल्या पक्षाने केवळ कारणांविरुद्ध अपील कोठे करावे, याची तरतूद त्या नियमावलीत नव्हती.