गच्चीवरची मिरची

हिंगोली जिल्हा झाल्यावर शहरात एसी मंगल कार्यालयं निघाली. त्यातल्या एकाच्या गच्चीवरचं युनिट सांभाळायचं काम मला मिळालं. मी बी.एस्सी., आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला पहिलाच. सेनगावकडच्या आमच्या गावात लोक वडिलांना टोमणे मारायचे, "एवढं शिकून पोरगं गच्चीवर चढून राहिलं म्हणं." वडील जन्मभर दुसऱ्याच्या शेतात राबलेले. ते म्हणायचे, "वरच चढलंय ना. खाली तर उतरलं न्हाई."

काम मला आवडायचं, हे मी आजही मान वर करून सांगतो. नांदेडच्या एका दुकानात हाताखाली राहून ते शिकलो होतो. लग्नाच्या दिवशी सकाळी लवकर जायचं, फिल्टर धुऊन बसवायचे, पंख्याचा पट्टा अंगठ्यानं दाबून बघायचा, कॉइलवरची धूळ पाण्यानं काढायची. लोडशेडिंगची वेळ बघून हॉल आधीच गार करून ठेवायचा. युनिट म्हणजे छोट्या खोलीएवढा पत्र्याचा डबा. त्याच्या एका बाजूला जाळी होती. हॉलमध्ये कोंदट होऊ नये म्हणून थोडी बाहेरची हवा त्या जाळीतून आत ओढली जायची.

कार्यालयामागे पत्र्याच्या घरात एक काकू राहायच्या. तिखट-मसाला करून विकायचा, त्यावर त्यांचं घर चालायचं. त्यांना स्वतःची गच्ची नव्हती, म्हणून वाळवण घालायला कार्यालयाच्या मालकांनी, शेठनी, आमची गच्ची दिलेली. काकू वर आल्या की माझ्यासाठी चहा घेऊनच यायच्या. डब्याच्या आवाजाला त्या म्हणायच्या, "तुझी म्हैस आज लई हंबरून राहिली."

मे महिन्यातलं एक लग्न. हॉल गच्च भरलेला. मी खाली बटणांच्या पेटीपाशी उभा होतो. मंगलाष्टकं चालू झाली आणि गुरुजींनाच ठसका लागला. मग पुढच्या रांगेतल्या बायकांना, मग वरमाईला. नवरदेव शेल्यात तोंड खुपसून खोकायला लागला. कुणीतरी ओरडलं, "एसीचा गॅस सुटला." झालं, लेकरं काखोटीला मारून माणसं दाराकडे पळाली.

मला माहीत होतं, हा गॅस नव्हे. युनिटमधला गॅस असा घशाला झोंबत नाही. पण शेठ तोंडाला रुमाल लावून माझ्यासमोर उभे. "पाव्हण्यांना मारतो का काय? बंद कर ते. अन् उद्यापासून येऊ नको."

"शेठ, गॅस न्हाई हा. वर जाऊन बघतो."

"बघ नाहीतर नको बघू. नांदेडहून दुसरा माणूस बोलावतो मी."

युनिट बंद करून मी जिना चढत होतो. ही नोकरी गेली तर धाकट्या बहिणीचं शिक्षण थांबणार, एवढंच डोक्यात होतं. गच्चीच्या दारातच मी थबकलो. जाळीला खेटून काकू बसल्या होत्या आणि सुपातली वाळलेली लाल मिरची पाखडत होत्या. उडालेली भुकटी आणि बिया जाळीला चिकटलेल्या.

"काय झालं रे? एवढी माणसं भायेर काहून आली?"

"काकू, तुमी इथं काहून बसल्या?"

"इथं वारं चांगलं लागतं ना. कसं भराभर भुसकट उडवून नेत होतं. आता मेलं पडलं."

पाखडायचं तर वाऱ्याला धरूनच बसायचं, हे आमच्याकडे लहान पोरीलाही शिकवावं लागत नाही. पण ते वारं सुटलेलं नव्हतं. माझं युनिट ते ओढत होतं. मी नुसतं जाळीकडे बोट केलं, मग खाली अंगणात खोकणाऱ्या वऱ्हाडाकडे. काकूंनी सूप खाली ठेवलं.

"तुला बोलले?"

"उद्यापासून येऊ नको म्हणाले."

खरं सांगितलं तर गच्ची बंद होणार, हे त्यांनाही कळत होतं. त्या गप्प राहिल्या असत्या तर मी त्यांचं नाव घेतलं असतं की नाही, हे मला आजही नक्की सांगता येत नाही. तशी वेळच आली नाही. पदर खोचून, सूप काखेत घेऊन काकू माझ्या आधी जिना उतरल्या आणि अंगणात सगळ्या पाव्हण्यांपुढे म्हणाल्या, "शेठ, पोराला बोलू नका. गॅस न्हाई अन् फ्यास न्हाई. माझी मिरची हाय."

शेठनी सुपात डोकावून बघितलं. तेवढ्यात डोळे पुसता पुसता नवरीचा बापच हसायला लागला. "बरं झालं बाई. लोक म्हणतील, ह्यांच्या लग्नात जेवणाआधीच तिखट लागलं." मग वरमाई हसली, आणि वरमाई हसल्यावर बाकीच्यांना कशाची अडचण?

मी फिल्टर झटकून परत लावले, दारं उघडून हॉल मोकळा केला. मंगलाष्टकं पहिल्यापासून झाली. संध्याकाळी शेठ म्हणाले, "काकू, गच्ची वापरा, पण ह्याला विचारून. आन् तू, सकाळी वेळेवर ये."

मी काकूंचे आभार मानायला गेलो. त्या भांडी घासत होत्या. "आभार कसले? नवा माणूस आला असता तर त्याच्या चहात साखर किती, हे पहिल्यापासून शिकावं लागलं असतं."

त्या नोकरीवर पुढची कितीतरी वर्षं आमचं घर चाललं. बहीण बी.एड. झाली, मास्तरीण झाली. तिच्या निकालाचे पेढे मी आधी काकूंच्या घरी दिले, मगच सेनगावची जीप पकडली.