खोयराव

नारायण पेठेत नवरीला नऊवारी नेसवायची तर विमलाबाईंनीच. साडीबरोबर उखाणा फुकट, पण अट एकच. नवऱ्याच्या नावाला 'राव' लागलाच पाहिजे. "नुसतं नाव घेणं म्हणजे रिक्षावाल्याला हाक मारणं," असं त्या ठणकावायच्या आणि उलट बोलायची कोणाची टाप नव्हती. स्वतःच्या नवऱ्यालाही चारचौघांत 'आमचे रंगराव'च म्हणायच्या.

शेजारची श्रद्धा तिच्या ऑफिसातल्या खोयशी लग्न करणार म्हटल्यावर मात्र बाई अडल्या. खोय व्हिएतनामचा. लग्नाला त्याची आई एकटीच आलेली, इंग्रजी मोडकंतोडकं, मराठीचा गंध नाही. श्रद्धाच्या मावश्या हसल्या की तीही हसायची आणि मग इकडेतिकडे बघायची. विमलाबाईंना ते बघवेना. लग्न होऊन भंडाऱ्याहून त्या पुण्यात आल्या, तेव्हा उंबरठ्यावर बायका अशाच हसल्या होत्या आणि कशाला हसल्या ते त्यांना कळलं नव्हतं. या बाईवर तशी वेळ येता कामा नये. उखाणा तिला कळेल असाच हवा, म्हणजे इंग्रजीच.

"खोयला जुळणारे शब्द सांग," त्यांनी श्रद्धाला फर्मावलं.

"ॲनॉय? डिस्ट्रॉय?"

"ते संसार सुरू झाल्यावर. आज शुभ बोल."

मग बॉय आला, टॉय आला, जॉय आला. काऊबॉयही आला, त्याला दारातूनच परत पाठवला. भाजी निवडताना बाईंचं पुटपुटणं चालूच. खडकीच्या कारखान्यातून निवृत्त झालेल्या रंगरावांनी "चहा टाकतेस का?" विचारलं, तर "एन्जॉय!" असं उत्तर मिळालं. चहा त्यांनी स्वतःच केला.

उखाणा जमला. तालीमही झाली, पण नाव वगळून. नाव आधीच घेतलं तर दारात काय उरलं, हाही बाईंचाच नियम.

गृहप्रवेशाला बायकांनी खोयच्या फ्लॅटचं दार अडवलं. श्रद्धा सासूकडे वळली. "मदर, युअर लिटल बॉय, टुडे ही इज माय जॉय..." सासूचा चेहरा उजळला. आणि श्रद्धा, गुणी मुलगी, शिकवणीला जागून म्हणाली, "नाव घेते, खोयराव!"

यमक धाडकन पडलं. बायका खो-खो हसल्या. सासू ओशाळून हसली, "राव?" असं पुटपुटली आणि पुन्हा इकडेतिकडे बघू लागली.

विमलाबाईंनी मनातल्या मनात हिशेब मांडला. राव ठेवायचा तर भाव, गाव, डाव अशी मराठी यमकं पायलीची पन्नास, पण ती या बाईच्या डोक्यावरून जाणार. राव काढायचा तर आजवर ज्यांना दटावलं त्यातल्या निम्म्या बायका दारातच उभ्या.

"राव काढ," त्या म्हणाल्या.

"काय?"

"काढ म्हटलं ना! परत घे."

श्रद्धाने परत घेतलं. या वेळी शेवटी नुसतं "खोय!" सासूने टाळ्या पिटल्या, "माय बॉय!" म्हणत सुनेला कवटाळलं आणि रडली. विमलाबाईही रडल्या, आणि त्यांना कारण विचारायची कोणाची हिंमत झाली नाही.

पण श्रद्धाची गोदामावशी सोडते थोडीच! "मग आता तुमचंही होऊन जाऊ द्या, बिनरावाचं!" खोयने आईला सोफ्यावरचे रंगराव दाखवले, "हर हजबंड." आईने हात जोडले. "प्लीज!"

रंगराव तोंडात पेढा धरून थिजले. विमलाबाईंनी पदर सावरला.

"हेअर इज व्हाइट, हार्ट इज यंग, नाव घेते, नुसतं रंग!"

या वेळी खोयची आई सगळ्यांच्या आधी हसली. रंगरावांनी पेढा गिळला आणि हळूच विचारलं, "घरी गेल्यावर राव परत मिळेल ना?"